तीन अमावस्या आणि एक भिंत: भुऱ्याच्या गोचीड-तापाचं प्रकरण

रुग्ण: भुऱ्या. गावठी नर, वय पाचेक वर्षं, वजन १८ किलो. पत्ता: यवतमाळ जिल्ह्यातलं अरुणावती नदीच्या बाजूचं एक गाव, मातीच्या भिंतींचं कवेलूचं घर, ओसरीत आबाजींच्या खाटेखालची जागा. पत्ता इतका बारीक लिहिलाय कारण सगळं दुखणं त्या खाटेमागच्या भिंतीत होतं, आणि ते दिसायला मला एक महिना लागला.

मी सरकारी पशुवैद्यक. आमच्याकडे बैल, गाई, बकऱ्या येतात. कुत्रं आलंच तर रेबीजच्या लसीला, नाहीतर कुणाला चावल्यावर चौकशीला. या घराशी माझी ओळख बैलजोडीमुळे. आबाजी सत्तरीचे, मुलगा पुसदकडे ट्रॅक्टर चालवतो, घर आणि वावर सून सांभाळते. भुऱ्याचं काम जागलीचं. पराटीत, म्हणजे कपाशीत, रानडुक्कर घुसतं, तुरीत रोही, म्हणजे नीलगाई, येतात, म्हणून आबाजी रात्री मळ्यावर, म्हणजे मचाणावर, झोपतात आणि भुऱ्या खाली बसतो. "मले आता आयकू कमी येते साहेब," ते एकदा म्हणाले होते, "त्याचा कान तोच माहा कान." यात लाडाचा भाग थोडा आणि हिशेबाचा जास्त, असं मला तेव्हा वाटलं. ते चूक होतं. भाकरीचा पहिला तुकडा भुऱ्याला टाकल्याशिवाय हा माणूस जेवत नाही, हे नंतर सुनेकडून कळलं.

पहिली अमावस्या पोळ्याची. सकाळी बैलाच्या खुरात काच गेली म्हणून बोलावणं आलं. बैल सजवायचा होता, घाई होती. काच काढली, पट्टी बांधली, हात धुतले. निघताना आबाजी म्हणाले, "हा दोन दिसापासून भाकर खात नाही. नुसता पडून रायते." भुऱ्या खाटेखाली होता. मी वाकूनही पाहिलं नाही. "जंत झाले असतील," म्हणालो आणि बॅगेतली जंताची गोळी दिली. थर्मामीटर त्याच बॅगेत होता.

पाच-सहा दिवसांत भुऱ्या खायला लागला. गोळीचा गुण आला म्हणून आबाजींनी माझ्याकडे मक्याची कणसं पाठवली. मी ती खाल्ली. आज कळतं ते असं: त्या वेळी त्याला बहुधा गोचीड-तापाचा पहिला झटका येऊन गेला. एर्लिकिया कॅनिस नावाचा जिवाणू गोचिडाच्या चाव्यातून कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींत शिरतो. आठ ते वीस दिवसांनी ताप येतो, भूक जाते, गाठी सुजतात, आणि पुष्कळ कुत्र्यांत हे सगळं दोन ते चार आठवड्यांत आपोआप ओसरतं. आजार बऱ्याचदा जात नाही, दबून बसतो. रक्त गोठवणाऱ्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, आतल्या आत कमी होत राहतात आणि कुत्रं वरून धडधाकट दिसतं. माझ्या जंताच्या गोळीचा त्यात काडीचा हात नव्हता.

दुसरी अमावस्या सर्वपित्रीची. सकाळी सातला फोन. सून बोलत होती. "भुऱ्याच्या नाकातून रगत येऊन रायलं. थांबूनच नाही रायलं."

तो फवारणीचा काळ. कापसावर फवारे चालू असतात, डब्या बांधावर पडलेल्या असतात, आणि २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले हे आमच्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. माझ्या डोक्यात पहिलं तेच आलं. त्या विषावरचा उतारा, अॅट्रोपिन, त्याच्या कुप्या घेतल्या आणि निघालो. वाटेत फोनवर एवढंच सांगितलं: नाकात कापूस कोंबू नका, थंड पाण्याचं फडकं नाकावर वरून ठेवा, पळू देऊ नका, आणि त्याला काही पाजू नका.

पोचलो तेव्हा ओसरीत अर्धं गाव. अमावस्येला रक्त, म्हणजे बाहेरचं काहीतरी, असं ठरून गेलं होतं. लिंबू उतरवून झालं होतं. एका शेजाऱ्याने उरलेल्या औषधाची बाटली आणून ठेवली होती, कपाशीवर मारायचं मोनोक्रोटोफॉस. "गोचिडं लय झाली त्याले, ह्या पाण्यानं आंघोळ घाला, चट मरतात." गोचिडं खरंच मरली असती. तापलेल्या, अशक्त कुत्र्याच्या कातडीतून ते औषध आत गेलं असतं तर संध्याकाळपर्यंत भुऱ्याही. बाटली मी उचलून माझ्या गाडीत ठेवली. उपकार म्हणून नाही. नजरेसमोर राहिली असती तर मी गेल्यावर कुणीतरी वापरली असती.

भुऱ्याला पाहिलं, आणि अॅट्रोपिनच्या कुप्या तशाच राहिल्या. फवारणीच्या औषधाने, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेटने, विषबाधा झाली की लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, अंग थरथरतं. इथे बाहुल्या ठीक, तोंड कोरडं, थरथर नाही. हिरड्या मात्र जुन्या कागदासारख्या फिक्या. ताप १०४.२ फॅरनहाइट, कुत्र्याचा नेहमीचा १०१ ते १०२.५. पोटाची कातडी उलटी केली तर जांभळे बारीक ठिपके, जणू कुणी शाईचा ब्रश झटकला. एका नाकपुडीतून थेंब थेंब.

आता तीन संशयित उरले. घोणस: तिच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं आणि असं रक्त येऊ शकतं, आणि जागलीचं कुत्रं घोणसीच्या वाटेत येतंच. उंदराचं औषध: ब्रोमॅडिओलोनसारखी औषधंही रक्त गोठू देत नाहीत, आणि ती घरोघरी आहेत. तिसरा, बिंबिका संपणं. घोणसीच्या चाव्याला सहसा मोठी सूज आणि भयंकर दुखणं असतं. चारही पाय, तोंड, छाती चाचपली, सूज कुठे नव्हती. पण केसाळ कुत्र्यात सूज नजरेआड राहू शकते.

यावर खेड्यातही करता येते अशी एक तपासणी आहे, माणसांच्या सर्पदंशात वापरतात तीच. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं हलवायचं नाही. मग तिरकी करायची. रक्त पातळच वाहिलं तर गोठवणारी घटकं बिघडली, म्हणजे विष. गोठलं तर विषाचा संशय खूप कमी होतो. बिंबिका कमी असल्या तरी रक्त नळीत गोठतं, फक्त गुठळी ढिली राहते. मी पुढच्या पायाच्या शिरेतून रक्त घेतलं, मानेच्या मोठ्या शिरेतून मुद्दाम नाही, कारण बिंबिका संपलेल्या जनावराच्या मानेत आत रक्त साचलं तर कळतही नाही आणि दाबताही येत नाही. नळी तुळशी वृंदावनाच्या कठड्यावर उभी केली आणि सगळ्यांना तिच्यापासून लांब बसवलं.

वीस मिनिटं काही करायचं नव्हतं. मी खाटेवर टेकलो. समोर भिंत. मातीची, पावसाने पोपडे आलेली, जोड्याजोड्यांत फटी. त्या फटींतून काहीतरी वर चढत होतं. आधी मुंग्या वाटल्या. जवळ गेलो तर गोचिडं, राईएवढी पोरं आणि हरभऱ्याएवढ्या फुगलेल्या माद्या, पाटाईच्या, म्हणजे वरच्या लाकडी पाट्यांच्या, दिशेने सरळ वर. एका फटीत काडी घातली तर बाहेर तपकिरी अंड्यांचा लगदा आला.

कुत्र्याचा गोचीड आणि गाईचा गोचीड वेगळा, हे मी परीक्षेत लिहून पास झालेला माणूस. गाईचा गोचीड लहानाचा मोठा गाईच्या अंगावरच होतो, म्हणून गाईला औषध मारलं की बऱ्यापैकी काम होतं. कुत्र्याचा तपकिरी गोचीड प्रत्येक अवस्थेत रक्त पिऊन खाली उतरतो, कात टाकायला भिंतीत जातो, मोठा होऊन परत येतो. मादी भरली की उतरून फटीत हजारांनी अंडी घालते. आणि तो वर चढतो. फटी जमिनीत शोधाल तर चुकाल. उपाशी राहून महिनेन् महिने टिकतो. आबाजींनी पावसाळाभर भुऱ्याचे गोचीड वेचले होते. वेचत होते कुत्र्यावरून, कारखाना होता त्यांच्या पाठीमागे, उशीपासून हातभर अंतरावर.

नळी तिरकी केली. गोठलं होतं. गुठळी ढिली, पण गुठळी. घोणस आणि उंदराचं औषध मागे पडलं.

तेवढ्यात सुनेने हळूच सांगितलं, मामाजींना न ऐकू जाईल असं. "परवा त्याले ताप वाटला म्हणून मामाजीनं आपली गोळी देल्ली. दोन डाव." पाकीट दाखवलं. डायक्लोफिनॅक. जनावरांच्या वापरासाठी हे औषध आपल्याकडे २००६ मध्ये बंद झालं, गिधाडं मरत होती म्हणून. माणसांची गोळी मात्र घरोघरी डब्यात असते. कुत्र्याच्या पोटाला ती सोसत नाही, आतडीत व्रण पडतात, वर ती उरल्यासुरल्या बिंबिकांनाही कामाला लागू देत नाही. मी विष्ठा पाहिली: डांबरासारखी काळी. रक्त नाकातून दिसत होतं तेवढंच नव्हतं, पोटातही होतं. आबाजींना त्या दिवशी मी हे सांगितलं नाही. पुढे सांगितलं.

इथे एक निर्णय होता आणि त्यावर मी अजूनही विचार करतो. बिंबिका इतक्या पडल्या की बरेच डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉइड देतात. पण पोटात आधीच रक्त. स्टेरॉइड आणि ती गोळी एकत्र आले तर आतडं फुटायची भीती. मी स्टेरॉइड दिलं नाही. दुसरा प्रश्न सुईचा. लोक बाहेर उभे, आणि एकच आवाज, "सुई द्या साहेब, गोळीनं काय होते?" आमच्या भागात सुई न देणारा डॉक्टर म्हणजे हात न लावणारा डॉक्टर. पण मांसात सुई टोचली असती तर तिथे लिंबाएवढी रक्ताची गाठ आली असती. मी पोटाच्या ठिपक्यांवर बोट ठेवून आबाजींना दाखवलं, "न टोचताच हे आलं. टोचल्यावर काय होईल?" आबाजी बाहेर गेले आणि लोकांना म्हणाले, "जा रे बाप्पा, घरी जा आता."

रक्ताची दुसरी नळी तालुक्याच्या माणसांच्या लॅबमध्ये गेली, आणि एक स्लाइड मी स्वतः रंगवली, कारण माणसांची यंत्रं कुत्र्याच्या रक्तात कधी कधी फसतात. स्लाइडवर एका क्षेत्रात एखादी-दुसरी बिंबिका. एक म्हणजे ढोबळमानाने १५ हजार. यंत्राचा आकडा २२ हजार आला. निरोगी कुत्र्यात दोन लाखांच्या वर असतात. हिमोग्लोबिन ६.९, असायला हवं १२ च्या पुढे. पेशीच्या आत जिवाणूचा पुंजका शोधला, सापडला नाही. तो सहसा सापडतच नाही. खात्रीची, जिवाणूचा डीएनए शोधणारी पीसीआर तपासणी म्हणजे नमुना नागपूरला, यवतमाळहून दीडशे किलोमीटर, आणि मग वाट. तेव्हा निदान हे लक्षणं, गोचीड आणि बिंबिका यांच्या बेरजेवर केलेलं, आणि पुढे औषधाने दिलेल्या उत्तरावर टिकलेलं आहे, हे इथे नोंदवतो.

औषध डॉक्सिसायक्लिन. १०० मिलिग्रॅमची गोळी, सकाळ-संध्याकाळ, २८ दिवस. २०१८ मध्ये नागपूरकडे स्क्रब टायफसची साथ आली तेव्हा माणसांना दिलेलं औषध हेच, त्यामुळे सुनेला नाव माहीत होतं आणि तिच्या चेहऱ्यावर लगेच भीती आली: "आमाले होईन का?" हा कुत्र्याचा ताप असा अंगाला अंग लागून माणसाला होत नाही. पण तोच गोचीड माणसाला चावून वेगळा ताप देऊ शकतो, आपल्याकडचा गोचीड टायफस. म्हणून नखाने चिरडायचं नाही, चिमट्याने धरून स्पिरिटच्या बाटलीत. सोबत पोटाच्या व्रणांवर लेप देणारं औषध, तेही डॉक्सिसायक्लिनपासून दोन तास लांब, कारण एकत्र गेलं तर ते गोळीला धरून ठेवतं.

पुढचे २८ दिवस माझे नाहीत, त्या सुनेचे आहेत. पहिल्या दिवशी तिने गोळी गुळाच्या खड्यात दिली. भुऱ्याने गूळ खाल्ला, गोळी सारवलेल्या जमिनीवर स्वच्छ ठेवली. दुसऱ्या दिवशी दुधात विरघळवली. मी फोनवर म्हटलं दूध नको, दुधातला कॅल्शियम गोळीला अडवतो. उपाशीपोटी कोरडी दिली तर घशाला चिकटून तिथेच जखम करते, म्हणून मागून पाणी किंवा घास हवाच. तिसऱ्या दिवशी तिने ज्वारीच्या पिठाची उकड करून तीन गोळे केले. पहिला रिकामा, दुसऱ्यात गोळी, तिसरा रिकामा आणि तो हातात वर धरलेला. तिसऱ्याच्या आशेने दुसरा न चावता गिळला जायचा. ही युक्ती मी तेव्हापासून इतरांनाही सांगतो. कॅलेंडरवर ती रोज दोन फुल्या मारायची, गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी. रोज एक अंडं, आठवड्यातून दोनदा बकऱ्याची कलेजी, बाजाराच्या दिवशी. आबाजींनी हिशेब केला: महिन्याच्या सगळ्या गोळ्या पराटीच्या एका फवाऱ्यापेक्षा स्वस्त.

ताप दुसऱ्या दिवशी उतरला, नाकाचं रक्त तिसऱ्या दिवशी थांबलं. सातव्या दिवशी बिंबिका ८४ हजार.

मग भिंत. कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, गोचीड झाले की आमच्याकडे ज्योतीच्या बत्तीने भिंती भाजतात. इथे वर बांबू आणि पाट्या, आणि दसरा जवळ आलेला. एकदा सीतादही झालं, पहिली वेचणी घरात आली, की माजघर कापसाने भरतं. कापसाच्या घरात ज्योत फिरवायची नाही. म्हणजे जे करायचं ते सीतादहीच्या आत, विस्तवाशिवाय.

भुऱ्याचं पोतं वावरात नेऊन जाळलं. खाटेची दोरी उकडवून काढली. फटी सळईने कोरल्या, उकळतं पाणी ओतलं, आणि मातीत चुना कालवून पाटाईपर्यंत लिंपल्या. मग जागेवर मारायचं कीटकनाशक, डेल्टामेथ्रिन, बाटलीवरच्या प्रमाणात, माणसं-जनावरं-कोंबड्या बाहेर काढून, वाळेपर्यंत कुणी आत नाही. आबाजी त्या दिवशी शेजारच्या ओट्यावर भुऱ्याला मांडीवर घेऊन बसले होते. तिथेच मी त्यांना गोळीचं सांगितलं. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "माह्या गुडघ्याले लागू पडते ना ते. म्हणून देल्ली." मी म्हणालो, पोळ्याला मी थर्मामीटर लावला असता तर तुमच्यावर ही वेळ आली नसती. आमची फिटंफाट झाली असं मी म्हणणार नाही. माझं शिक्षण त्यांच्यापेक्षा जास्त आहे.

दोन आठवड्यांनी फवारा पुन्हा, कारण अंड्यांवर औषध चालत नाही आणि उरलेली पिलावळ तोवर बाहेर येते. तेव्हा माजघरात कापूस आला होता, त्याला ताडपत्री घालून. भुऱ्याच्या मानेवर गोचिडाच्या औषधाचे थेंब ताप उतरल्यावर घातले, त्याआधी नाही.

तिसरी अमावस्या दिवाळीची. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शेवटची फुली. रक्त दोन दिवसांनी घेतलं: बिंबिका २ लाख ५ हजार, हिमोग्लोबिन १०.८. जिवाणू पूर्ण गेला का, हे साध्या तपासणीतून कळत नाही. रक्तातल्या प्रतिद्रव्यांची चाचणी बरं झाल्यावरही कित्येक महिने होकारार्थीच येते. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा बिंबिका, आणि मधे कधीही जेवण सोडलं तर आधी थर्मामीटर. तो आता सुनेकडे आहे, तिने तो डाळीच्या डब्याशेजारी ठेवलाय.

जागलीला नेऊ नका म्हणून मी सांगितलं होतं. हरभरा उगवला तेव्हा आबाजींनी त्याला नेलं नाही, तो स्वतः गेला, मागे मागे, अंतर ठेवून.

जानेवारीत तपासायला गेलो. अंगावर मांस आलं होतं, हिरड्या गुलाबी. पण डाव्या कानात दोन गोचीड. मी भिंतीकडे पाहिलं, लिंपण शाबूत. मग लक्षात आलं, भिंत सामाईक आहे. पलीकडच्या घरात तीन कुत्री, तिकडच्या अंगाला फटी तशाच. पलीकडच्यांशी आबाजींचं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चार वर्षं बोलणं बंद.

"त्याहिले मी नाही सांगत," आबाजी म्हणाले.

सून आतून म्हणाली, "मामाजी, तुमी नका सांगू. मी जातो त्यायच्या सुनेकडं, हळदीकुंकवाले." संक्रांत चार दिवसांवर होती.